‘ब्लेड रनर’ पुन्हा पाहताना, डिजिटल पडद्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ मी पहिल्यांदा पाहिला तो मित्राच्या घरी, व्हीएचएस कॅसेटवर. भविष्यातल्या लॉस एंजेलिसमध्ये डेकार्ड नावाचा माणूस पळालेल्या ‘रेप्लिकंटां’च्या, म्हणजे टायरेलच्या कंपनीने बनवलेल्या कृत्रिम माणसांच्या मागावर असतो, अशी ही गोष्ट. बऱ्याच वर्षांनी एका फिल्म क्लबात त्याची ३५ मिमीची प्रिंट पाहिली. ती इतकी झिजलेली होती की पडद्याच्या उजव्या अंगाला एक हिरवी उभी रेघ पाऊण तास हटली नाही. त्यानंतर ‘फायनल कट’, म्हणजे त्याची २००७ची नव्याने तयार केलेली आवृत्ती, डिजिटल प्रोजेक्शनवर पाहिला आणि पहिल्या दहा मिनिटांतच वाटलं, हे शहर आपण आजवर नीट पाहिलंच नव्हतं. त्याबद्दल बोलायला आणि लिहायला लागल्यापासून लोक प्रश्न विचारत आले आहेत, आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये सिनेमाचा शेवटही येतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून यावं.

१. डिजिटल प्रोजेक्शन म्हणजे नेमकं काय? आपण घरी ब्लू-रे लावतो तसंच ना?

नाही. थिएटरला सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा नेटवर्कवरून एका पॅकेजच्या रूपात येतो. त्याला डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) म्हणतात. त्यात सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे कॉम्प्रेस केलेली असते. ब्लू-रेमध्ये बऱ्याच फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून अंदाजाने बांधलेल्या असतात, त्यामुळे पाऊस, धूर, ठिणग्या अशा सतत बदलणाऱ्या गोष्टींत तपशील विरघळतो. ‘ब्लेड रनर’मध्ये पाऊस आणि धूर नाही असा प्रसंग शोधावा लागेल, म्हणून हा फरक इथे मोठा ठरतो. रंगांची नोंदही डीसीपीत जास्त बारीक असते, १२ बिटांची. हे निकष हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी एकत्र येऊन २००५ साली ठरवले. आपल्याकडे बरीच वर्षं सॅटेलाइटने येणाऱ्या, या निकषांपेक्षा हलक्या फाइलीही दाखवल्या गेल्या. ‘डिजिटलवर पाहिला पण काही विशेष वाटलं नाही’ असं कोणी म्हणालं, तर काय आणि कुठे पाहिलं हे आधी विचारावं.

२. सिनेमा १९८२चा, फिल्मवर काढलेला. मग त्यात नवे तपशील येणार कुठून?

नवे येत नाहीत. होते तेच पहिल्यांदा आपल्यापर्यंत पोहोचतात.

कॅमेऱ्यात जी फिल्म फिरली ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून एक पॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा एक निगेटिव्ह आणि त्यावरून थिएटरची प्रिंट. म्हणजे आपण पाहत होतो ती मूळ चित्राची तिसरी नक्कल, आणि प्रत्येक नकलेत थोडी धार जात होती. त्यात प्रिंट प्रोजेक्टरच्या दारातून जाताना सारखी किंचित हलते, प्रत्येक खेळागणिक ओरखडे वाढतात, आणि शहराशहरांतून फिरून आलेली प्रिंट धुरकट झालेली असते.

२००७च्या ‘फायनल कट’साठी मूळ ३५ मिमी निगेटिव्ह ४केमध्ये, म्हणजे चित्राच्या रुंदीत सुमारे चार हजार बिंदू येतील अशी, स्कॅन केली गेली. स्पेशल इफेक्ट्सचे शॉट, म्हणजे सुरुवातीचं आगी ओकणारं लॉस एंजेलिस, टायरेलचे पिरॅमिड, उडत्या गाड्या, हे डग्लस ट्रम्बुल आणि त्यांच्या चमूने ६५ मिमी फिल्मवर चित्रित केले होते. ते ८केमध्ये स्कॅन झाले. मधल्या नकला गाळून थेट मूळ निगेटिव्हपासून सुरुवात केल्यामुळे हे शक्य झालं.

चित्र स्थिर असण्याचा फायदाही लोकांच्या लक्षात येत नाही. चालत्या एसटीच्या खिडकीतून पाटी वाचणं आणि गाडी थांबल्यावर वाचणं यात जितका फरक, तितका इथे पडतो. अक्षरं तीच असतात, पण डोळ्याला थांबायला जागा मिळते.

३. याच्या पाच-सहा आवृत्त्या आहेत म्हणतात. मी कोणती पाहतोय हे कसं कळणार?

थिएटरमध्ये डिजिटलवर येतो तो सहसा २००७चा ‘फायनल कट’, लांबी ११७ मिनिटं. खात्री करायची तर तीन खुणा पुरतात. डेकार्डचं निवेदन ऐकू येत असेल तर ती १९८२ची आवृत्ती. शेवटी डेकार्ड आणि त्याची प्रेयसी रेचल (तीही रेप्लिकंट) हिरव्या डोंगरांवरून उजेडात निघून जात असतील तरी तीच. (ती हवाई दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी काढलेल्या आणि न वापरलेल्या फुटेजमधून घेतली होती.) डेकार्ड पियानोवर बसलेला असताना पांढरा एकशिंगी घोडा दिसला तर ती १९९२ची किंवा २००७ची. या दोघींतला फरक प्रश्न ५मध्ये आहे.

आवृत्त्यांचा हा गुंता एका चुकीमुळे पुढे आला. १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरने ७० मिमी प्रिंट मागवली, आणि लावल्यावर कळलं की ती १९८२च्या चाचणी-खेळांसाठी बनवलेली कच्ची आवृत्ती आहे. निवेदन जवळजवळ नाही, गोड शेवट नाही. लोकांना ती इतकी भावली की स्टुडिओला १९९२मध्ये ‘डायरेक्टर्स कट’ काढावा लागला. पण तोही घाईत झाला होता. स्कॉटच्या मनासारखं काम व्हायला २००७ उजाडलं.

४. रस्त्यावरच्या पाट्या, मासिकांची कव्हरं, यंत्रांवरच्या सूचना आता वाचता येतात. या आधीपासून होत्या की नंतर घातल्या?

सगळ्या आधीपासून. मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्कॉट मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला. हा रस्ता म्हणजे बरबँकच्या स्टुडिओतली न्यूयॉर्कच्या गल्लीची जुनी नेपथ्यरचना. तिच्यावर त्याने थरावर थर चढवले. सिड मीड या कल्पक आरेखनकाराने गाड्या तर काढल्याच, शिवाय पार्किंग मीटरही काढले. त्या मीटरवर सूचना आहे की छेडछाड कराल तर आतल्या विजेने जीव जाईल. व्हीएचएसवर तो एक काळा खांब होता.

मासिकांच्या टपरीवर थांबा. तिथल्या प्रत्येक मासिकाला कलाविभागाने नाव, कव्हर आणि किंमत दिली आहे. कॅमेरा त्यांच्यावर एकदाही मुद्दाम थांबत नाही. कुणी तरी रात्र जागून ती कव्हरं रंगवली, छापली, दोरीला टांगली, आणि पंचवीस वर्षं जगातल्या बहुतेक प्रेक्षकांना ती रंगाचे ठिपके म्हणूनच दिसली. डिजिटल प्रोजेक्शनने सर्वांत मोठा न्याय या माणसांना दिला असं मला मनापासून वाटतं.

नूडल्सच्या टपरीवर डेकार्ड बसतो तेव्हा त्याच्याकडे पाहू नका, मागच्या काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे आणि निऑनच्या अक्षरांकडे पाहा. मागून येणारा उजेड ही छायालेखक जॉर्डन क्रोननवेथची खूण. पाऊस समोरून उजळला तर दिसत नाही, मागून उजळला तर प्रत्येक थेंब सुटा होतो. जुन्या प्रिंटमध्ये या पावसाचा पडदा झाला होता. आता थेंब मोजता येतात.

५. काही गोष्टी मात्र नक्की बदलल्या आहेत. खरोखर आधीपासून असलेलं आणि २००७मध्ये केलेलं, हे वेगळं कसं ओळखायचं?

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘मला नवीन दिसलं’ या वाक्याखाली दोन्ही गोष्टी खपून जातात. दुरुस्त्या झाल्याच आहेत, आणि त्या लपवलेल्या नाहीत. ठळक तेवढ्या सांगतो.

उडती गाडी रस्त्यावरून वर उचलली जाते तेव्हा क्रेनच्या तारा दिसायच्या. त्या पुसल्या. झोरा ही रेप्लिकंट काचा फोडत पळते त्या प्रसंगात विग घातलेली स्टंटबाई स्पष्ट ओळखू यायची. झोराचं काम करणाऱ्या जोआना कॅसिडीला २००७मध्ये पुन्हा बोलावून तिचा चेहरा तिथे बसवला. सापवाल्याशी डेकार्डचं बोलणं चालू असताना ओठ आणि शब्द जुळत नव्हते. डेकार्डचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा मुलगा बेन याचे ओठ चित्रित करून ते जुळवले. सापाच्या खवल्यावरचा क्रमांक आणि तो खवला तपासणारी बाई वाचून दाखवते तो क्रमांक वेगवेगळे होते, आता एक आहेत. रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय मरतो तेव्हा कबुतर रात्रीच्या पावसातून एकदम स्वच्छ निळ्या आभाळात उडायचं. आता ते काळ्या, ओल्या शहरावर उडतं. किती रेप्लिकंट पळाले याचा डेकार्डचा वरिष्ठ ब्रायंट याच्या तोंडचा हिशोब चुकत होता, तोही बरोबर केला. एकशिंगी घोड्याचं दृश्य १९९२पेक्षा लांब आहे.

माझं मत विचाराल तर यातल्या बहुतेक दुरुस्त्या योग्य आहेत, कारण त्यांनी अपघात दूर केले, कल्पना बदलली नाही. कबुतराबद्दल मात्र मी अजून घुटमळतो. ते निळं आभाळ चूक होतं हे मान्य, पण पहिल्यांदा पाहताना त्या चुकीने मला श्वास घ्यायला जागा दिली होती.

६. रेप्लिकंटांचे डोळे लालसर चमकतात. हे संगणकावर केलंय का? आणि डेकार्डचेही चमकतात का?

संगणकाचा संबंध नाही. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा ठेवायचा आणि त्यावर मंद प्रकाश सोडायचा. तो लेन्सच्याच दिशेने डोळ्यांत जातो आणि आतल्या पडद्यावरून परत येतो, रात्री मांजराचे डोळे गाडीच्या दिव्यात चमकतात तसा. टायरेलच्या घुबडाचे, रेचलचे, प्रिसचे डोळे असे चमकतात.

डेकार्डचेही चमकतात, एकदाच. त्याच्या घरात रेचल विचारते की मी पळून गेले तर माझा पाठलाग करशील का. उत्तर देताना तो तिच्या मागे, फोकसबाहेर उभा आहे. तिथेच पाहा. कॅसेटवर ते कळणं अशक्य होतं. यावरून तो रेप्लिकंट ठरतो का? स्कॉट म्हणतो, हो. फोर्ड बरीच वर्षं उलट सांगत राहिला. पडदा फक्त चमक दाखवतो, निकाल देत नाही.

७. चित्र हिरवट-निळसर का वाटतं? प्रोजेक्टर बिघडलाय की काय?

प्रोजेक्टर ठीक असण्याचीच शक्यता जास्त. ‘फायनल कट’ला दिलेली रंगछटाच तशी आहे. १९८२च्या रंगांची सवय असलेल्या अनेकांना ती खटकते, आणि त्यांची तक्रार निराधार नाही. पारखायचं असेल तर टायरेलच्या दालनात पारखा. तिथला मावळतीचा सोनेरी उजेड सोनेरीच दिसला पाहिजे. तोही हिरवा दिसत असेल तर मग तक्रार करा.

८. स्वच्छ केलेल्या सिनेमात दाणे का दिसतात?

कारण चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं आहे. फिल्मवर प्रतिमा चांदीच्या क्षारांच्या कणांतून उमटते. हे दाणे संगणकाने घासून काढले की त्यांच्याबरोबर त्वचेची छिद्रं, कापडाचा पोत आणि धूरही जातो, आणि माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसू लागतात. इथे दाणे राखले आहेत, आणि ते राखले म्हणूनच तपशील शिल्लक आहे.

९. २के आणि ४केमध्ये खरंच फरक पडतो का? कुठे बसू?

कुठे बसता त्यावर आहे. ‘ब्लेड रनर’ रुंद पडद्याचा सिनेमा, त्यामुळे २केमध्ये त्याच्या चित्राच्या उंचीत ८५८ ओळी येतात आणि ४केमध्ये १७१६. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एक कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. हिशोब मांडला तर चित्राच्या उंचीच्या चौपट अंतरापलीकडे बसलात तर २के आणि ४के सारखेच दिसतील. त्याच्या आत आलात की फरक सुरू होतो, आणि दुप्पट अंतरावर ४केचा पूर्ण लाभ मिळतो. बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये शेवटच्या रांगेची तिकिटं आधी संपतात. या सिनेमासाठी मी मधल्या किंवा त्याच्याही पुढच्या रांगा घेतो. आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. ही चेष्टा नाही. एका काकांनी मला कळवलं होतं की त्यांना दिसलेले निम्मे नवे तपशील नव्या चष्म्याचे होते.

१०. आमच्याकडे चित्र फारच अंधारं होतं. सिनेमाच तसा आहे का?

सिनेमा काळोखा आहे, मळका नाही. थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याची प्रखरता ४८ निट (उजेड मोजायचं एकक) असावी असं ठरलेलं आहे. जुना दिवा असेल तर ती खाली येते. आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे थ्रीडीचा फिल्टर. आधीचा खेळ थ्रीडी असेल आणि लेन्ससमोरचा फिल्टर काढायचा राहिला, तर बराचसा उजेड तिथेच अडतो. माझ्यावर ही वेळ आली आहे. एका मल्टिप्लेक्समध्ये सुरुवातीचं शहर पाहताना मला ज्वाळांखेरीज काही दिसेना. उठून बाहेर गेलो आणि ऑपरेटरना शांतपणे विचारलं, ‘दादा, थ्रीडीचा फिल्टर राहिलाय का बघता?’ राहिला होता. परत येऊन बसेपर्यंत पिरॅमिडच्या खिडक्या एकेक करून दिसायला लागल्या होत्या. तक्रार पहिल्या पाच मिनिटांत करावी. मध्यंतरानंतर उपयोग नसतो.

११. मग फिल्मपेक्षा डिजिटल सरसच म्हणायचं?

नाही. चांगल्या, ताज्या प्रिंटचा काळा रंग साध्या डिजिटल प्रोजेक्टरला जमत नाही. तिथे काळ्याचा गडद राखाडी होतो, आणि हा सिनेमा काळ्यावर उभा आहे. लेझर प्रोजेक्टरांनी हे अंतर बरंच कमी केलं आहे. १९८२मध्ये याच्या ७० मिमी प्रिंटही निघाल्या होत्या. मुख्य चित्रण ३५ मिमीचंच असल्याने त्यात चित्र मोठं करून छापलेलं होतं, पण सहा ट्रॅकचा आवाज होता. तशी जपलेली प्रिंट कुठे दाखवणार असतील तर हातचं काम सोडून जा. फक्त नवे तपशील शोधायला जाणार असाल तर डिजिटल बरं. झिजलेल्या प्रिंटशी तुलना करू नका, ती फिल्मवर अन्याय करणारी आहे.

१२. इतकं स्पष्ट दिसल्यावर मॉडेलं खोटी वाटत नाहीत का?

मला भीती होती, पण तसं झालं नाही. सुरुवातीचं औद्योगिक शहर हे टेबलावर मांडलेलं छोटं मॉडेल आहे. पुढचे मनोरे मोठे, मागचे लहान होत गेलेले, कोरलेल्या पितळी पत्र्याच्या आकृत्या आणि मध्ये धूर. एकाच निगेटिव्हवर पुन्हा पुन्हा उजेड देऊन दिवे, ज्वाळा, गाड्या उमटवल्या. त्या वेळी नकलेवर नक्कल न काढता हे केलं, म्हणून आज ८केमध्ये स्कॅन करण्याजोगं काही उरलं.

एक गंमतही सापडेल. डेकार्डला घेऊन जाणाऱ्या गॅफ या पोलिसाची गाडी पोलीस मुख्यालयावर उतरते तेव्हा आजूबाजूच्या इमारतींत एक ओळखीचा आकार उभा आहे. मॉडेल बनवणाऱ्यांनी ‘स्टार वॉर्स’मधल्या मिलेनियम फाल्कन यानाचं मॉडेल उभं करून त्याची इमारत केली होती.

रंगवलेल्या पार्श्वभूमी मात्र काही ठिकाणी ओळखू येतात. छतावरून लोंबकळणाऱ्या डेकार्डच्या खाली दिसणारा रस्ता पाहा. चित्रकाराचा ब्रश कळतो. मला त्याने रसभंग होत नाही, आदर वाढतो.

१३. घरी ४के डिस्क आहे. थिएटरला जायची गरज आहे का?

डिस्क उत्तम आहे, नोंदी घ्यायला तर थांबवून पाहण्यासारखं सुख नाही. पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय आधी बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसेल. आणि एक फरक उरतोच. घरी नजर पूर्ण चित्र एका दमात घेते. मोठ्या पडद्यावर ती फिरावी लागते, आणि फिरताना कोपऱ्यात काहीतरी सापडतं.

१४. काही गोष्टी मला आत्ताच दिसल्या, पण त्या तर मोठ्या होत्या, कॅसेटवरही दिसल्या असत्या. मग हे कशामुळे?

तुमच्यामुळे. प्रश्न ४ आणि ५मध्ये न बसणारा हा तिसरा प्रकार आहे. लिऑन या रेप्लिकंटशी झालेल्या मारामारीनंतर डेकार्ड दारू पितो आणि त्याच्या तोंडातलं रक्त ग्लासात उतरतं, धाग्यासारखं. ते प्रत्येक आवृत्तीत होतं. विशीत मी मारामारी पाहत होतो. आता त्याचा थरथरणारा हात पाहतो. गॅफच्या कागदी आकृत्यांचंही तसंच. ब्रायंटच्या कचेरीत कोंबडी, लिऑनच्या खोलीत काडीचा माणूस, शेवटी चांदीच्या कागदाचा एकशिंगी घोडा, डेकार्डला पियानोवर दिसला होता तोच. पहिल्या वेळी तो चाळा वाटतो. शेवट ठाऊक असलेला माणूस पहिल्या आकृतीपासून गॅफकडे पाहतो. डिजिटलने इथे एवढंच केलं की त्या कागदाची घडी न् घडी दिसते.

१५. रेचलने टाकून दिलेला आईचा फोटो डेकार्डच्या हातात क्षणभर हलला. मला भास झाला का?

भास नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, आणि बहुतेक वेळा विचारणारा जरा संकोचून विचारतो.

रेचलला सांगितलं जातं की तिच्या आठवणी तिच्या नाहीत. ती निघून जाते. डेकार्ड फोटो उचलतो. फोटो पडदाभर येतो. लहान मुलगी आणि आई. त्या क्षणी आईवर पडलेली सावली सरकते, जणू वर फांदी हलली, आणि लांबून मुलांच्या खेळण्याचा आवाज येतो. सेकंदभरच. मग फोटो पुन्हा फोटो होतो.

हे १९८२पासून आहे, कुठल्याही आवृत्तीत नंतर घातलेलं नाही. हलत्या प्रिंटवर सगळंच चित्र थरथरत असल्यामुळे सावलीचं हे सरकणं त्यात मिसळून जायचं. चित्र जागच्या जागी थांबलं तेव्हा ते सुटं झालं. पुढच्या वेळी फोटोच्या कडांवर नजर ठेवा. कडा हलत नाहीत, फक्त आतलं ऊन हलतं.